बिनमिठाचा चहा

तोकमोक, १२ सप्टेंबर १९९८

जिबेकवहिनी,

तुला, दादाला आणि आईला सलाम. आम्ही इकडे ठीक आहोत. यांना कारखान्यात पाळीचं काम मिळालंय आणि मला शाळेच्या दवाखान्यात. इथे हवा गरम आहे, माणसं घाईत असतात आणि दुधात पाणी असतं. तुमच्याकडे गवत कापून झालं का?

आता कानाचं. दादाच्या चिठ्ठीत होतं की तुझ्या कानातला आवाज अजून थांबलेला नाही, आणि तू मळणीच्या यंत्राशेजारी जाऊन बसतेस, कारण तिथे तो ऐकू येत नाही. वहिनी, हे काही बरं नाही. लोक काय म्हणतील, सागिनबेकची बायको यंत्राशी गप्पा मारते!

मी इथे त्यावर खूप वाचलंय. सगळं खाण्यावर आहे. मिठाने अंगात पाणी साठतं आणि ते कानावर येतं. मागेच मी मीठ कमी कर म्हटलं होतं, आता आजपासून मिठाचा चहाच बंद. कमी नाही, बंद. साधा चहासुद्धा दिवसाला एक पियाला, तोही पातळ. कुरुत बंद. दह्याचे ते खारट गोळे तू कपाटात, उशीखाली, कुठेही ठेवायचे नाहीत, एप्रनच्या खिशात तर नाहीच. तुझा खिसा मला माहीत आहे. खारवलेलं मांस, चरबी, लोणच्याची काकडी, सगळं बंद.

त्याऐवजी वाफवलेला भोपळा खा, ओटची लापशी खा, अक्रोड खा. सोबत जर्दाळूची पिशवी पाठवलीय. काही ऊब देणारं खावंसं वाटलं तर गरम दुधात मध घाल. त्यानेही मन निवतं. सहा महिने नेमाने केलंस तर फरक पडेल. मनापासून कर.

तुझी,
अनिपा


अक-कुदुक, ४ ऑक्टोबर १९९८

आमची पांढरी फीत,

पत्र मिळालं, जर्दाळू मिळाले. निम्मे तुझ्या दादाने खाल्ले आणि म्हणतो, माझेही कान वाजतात.

पोस्टात नवी बाई आलीय, शहरातली. पाकिटावर तुझं नाव लिहून दे म्हटलं तर म्हणते, तुम्हाला लिहिता येत नाही का? मी म्हटलं, बाई गं, सगळं येतं, पण ही माझ्या नवऱ्याची बहीण आहे, तिचं नाव मी तोंडातून काढत नाही आणि हातातूनही नाही. मग तिला सगळं सांगावं लागलं. मी या घरात सून होऊन आले तेव्हा तू बारा वर्षांची होतीस, शाळेला निघाली होतीस, दोन वेण्या आणि त्यांच्यावर कोबीच्या गड्ड्याएवढ्या दोन पांढऱ्या फिती. त्याच दिवशी मी तुझं नाव ठेवलं. ती इतकी हसली, की तिकीट उलटं चिकटवलं. हसू दे. तीस वर्षांत चुकले नाही, आता कशाला चुकू?

कानाचं विचारतेस तर ऐक. माझ्या उजव्या कानात चहाच्या पाण्याचा समोवर आहे. उकळी फुटायच्या आधी समोवर सूं करतो ना, तसा. फक्त हा उकळतही नाही आणि थंडही होत नाही. दिवसभर मला वाटत राहतं, उठावं, चहा ओतावा, आणि उठून बघते तर ओतायला काही नसतं. कधीकधी रडू येतं. कोणाला सांगणार? सांगितलं तर तुझा दादा कानाला कान लावतो आणि म्हणतो, मला तर काही ऐकू येत नाही. वेडाच आहे.

तुझं पथ्य सुरू केलंय. बिनमिठाचा चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी, एवढंच सांगते. आई लांबून माझ्या पियाल्याकडे बघते आणि म्हणते, "माझी लेक आधी सुया टोचायला शिकली, आता तोंडं शिवायलाही शिकली." रागावू नकोस, तुझी आठवण आली की ती असंच बोलते.

आणि एक कबूल करते. परवा गोठ्यात उभी राहून दोन कुरुत खाल्ले. दोन नाही, चार. तू रागावणार. संध्याकाळी समोवर असा काही सुटला, की मी डोक्याला ओढणी आवळून बसले. म्हणजे तुझंच खरं. माझ्या जिभेने माझ्या कानाची वाट लावली. मला स्वतःचीच लाज वाटते गं. मेंढ्या विताना मला तो ताप लागला, तेव्हा तू एकवीस दिवस रोज बर्फातून चालत आलीस, एकवीस सुया दिल्यास, एक दिवस चुकवला नाहीस. तू माझा जीव वाचवलास आणि मी हावरट बाई, मीठ चाटून कान घालवून बसले.

आईचा सांधा दुखतो, बाकी ठीक.

जिबेक


तोकमोक, २८ ऑक्टोबर १९९८

वहिनी,

त्या सुयांचं सारखं काय काढत बसतेस? माझं कामच होतं ते. सगळ्यांना देते तशा तुला दिल्या. पुन्हा लिहू नकोस.

चार कुरुत! तुला मी काय म्हणू? पण स्वतःला हावरट म्हणू नकोस. तू हावरट नाहीस. आमच्या घरात सगळ्यांत शेवटी जेवते ती तू. पथ्य चुकलं तर चुकलं, पुन्हा सुरू करायचं.

दादा तुला नारिनला कानाच्या डॉक्टरकडे नेतो म्हणतोय असं त्याने लिहिलंय. ते राहू दे. खिंडीत आता बर्फ पडायला लागेल, ट्रकात बसून तुझी हाडं खिळखिळी होतील, आणि तो डॉक्टर मी सांगितलं तेच सांगेल. उगाच हेलपाटा. वसंतात बघू.

सोबत पुन्हा जर्दाळू, थोडे अक्रोड आणि एक बरणी मध. दादाला हात लावू देऊ नकोस. ओट खातेस ना? आवाज थोडासा तरी कमी झाला का? झाला असेल तर लगेच कळव. अगदी थोडा असला तरी कळव.

अनिपा


अक-कुदुक, १० डिसेंबर १९९८

आमची पांढरी फीत,

मध पोचला. या वेळी मी तो पिठाच्या डब्यात लपवलाय.

गेल्या आठवड्यात हिवाळ्याचा घोडा कापला. अख्खं गाव येऊन जेवून गेलं. आतड्यात भरायला मांस मीच खारवलं, मिरं मीच चोळलं, बांधलं मीच, आणि शिजून ताटात आलं तेव्हा मी चुलीपाशी बसून तुझे ओट खाल्ले. आपल्याकडे ओट घोड्याला घालतात. यंदा घोडा तुम्ही खाल्ला आणि घोड्याचं खाणं मी खाल्लं, असं म्हटल्यावर सगळे खो खो हसले. मीही हसले. मग बाहेर जाऊन थोडा वेळ सरपणापाशी उभी राहिले.

तुला खोटं लिहिणार नाही. जीव कशात रमत नाही. आधी कसं, सकाळी बैलासारखी कामं केली तरी दहा वाजता पितळी किटलीतला चहा असायचा, वर साय, चिमूटभर मीठ, शेजारी पिठाचे तळलेले बोरसोक, समोर आई. ती आणि मी तीस वर्षं त्या चहावर भांडलो आणि त्या चहावरच गोडही झालो. आता मी त्या वेळी काही काम काढते. आई एकटीच पिते. पियाला अर्धा ठेवून उठते.

तू विचारलंस, आवाज कमी झाला का. कधी वाटतं झाला. मग वाटतं, तू इतक्या लांबून इतकं पाठवतेस म्हणून मला तसं वाटतंय. भोपळा मात्र चांगला लागतो. तो मनाला जरा धरून ठेवतो.

आईला खोकला झालाय. मेंढीची चरबी चोळतेय. तू काळजी करू नकोस.

जिबेक


अक-कुदुक, २० फेब्रुवारी १९९९

आमची पांढरी फीत,

तू आईला माती देऊन तिसऱ्या दिवशी निघालीस. खिंडीत पुन्हा बर्फ पडण्याआधी निघणं भागच होतं. घरात इतकी माणसं होती, की आपल्याला दोन शब्द बोलता आले नाहीत. तू माझ्याकडे नीट बघतही नव्हतीस. मला वाटलं, आई गेल्याचं दुःख आहे, बघेल कशी? पण मग वाटायला लागलं, हिला कोणीतरी सांगितलं असणार. कोणी सांगितलं नसेल तर मीच सांगते. आईच्या चाळिसाव्या दिवसाला तू येशील तेव्हा सांगणार होते, पण तोंडाने सांगवणार नाही.

आई जायच्या चार दिवस आधी, सकाळी. मी गोठ्यातून आले, हात गार पडलेले. बघते तर आई अंथरुणातून उठून समोवरापाशी बसलेली, माझ्या जागेवर. पाठीला उशी नाही, काही नाही. किटली तिने स्वतः चढवली होती. साय काढली होती. मी ओरडले, "आई, हे काय? मी मेलेय का?" तर म्हणते, "गप बस. वर जाऊन बस." वर, तिच्या जागेवर, गादीवर! मी कशी बसणार? पण तिने डोळे वटारले तशी बसले.

मग तिने चहा ओतला. हात इतका थरथरत होता, की निम्मा चादरीवर सांडला. तीस वर्षांत मी त्या बाईला किती हजार पियाले दिले असतील, तिने मला एक दिला नव्हता, आणि ते बरोबरच होतं. सासू सुनेला चहा ओतून देते असं कुठे कोणी पाहिलंय? तिने तो पियाला दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "घे. तुझ्या कानाचं मला काही कळत नाही. पण तुझं तोंड उतरलेलं मला बघवत नाही. मीठ घातलंय. पी आणि एकदा माझ्यासमोर हस."

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "नको आई. तुमच्या लेकीने बंद केलाय."

ओठालासुद्धा लावला नाही. आपल्याकडे परक्याच्या घरीसुद्धा एक घास चाखल्याशिवाय कोणी उठत नाही. आणि मी आईच्या हातचा चाखला नाही. मला खरंच वाटलं, आता पाच महिने पाळलंय, एका पियाल्याने सगळं वाया जाईल. तू म्हणाली होतीस ना, कमी नाही, बंद.

तिने पियाला खाली ठेवला. त्यावर साय धरेपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "बरं बाई, लेक शिकलेली आहे." त्यानंतर ती पुन्हा उठली नाही.

आता रोज दहा वाजले की मला तो पियाला दिसतो. समोवर कानात आहे आणि पियाला डोळ्यांपुढे. तूच सांग. तू वाचलेली आहेस, शिकलेली आहेस. मिठानेच होतं ना ते? मी तो चहा प्यायले असते तर खरंच कान आणखी गेला असता ना? एवढं लिहून पाठव. म्हणजे मी आईला नाही म्हटलं ते उगाच नाही म्हटलं, एवढं तरी मला म्हणता येईल. मग मी निभावून नेईन.

जिबेक


तोकमोक, ३ मार्च १९९९

वहिनी,

पत्र मिळालं. तू बरोबरच केलंस. मिठानेच होतं. आईलाही ते कळलं असणार, तिने मनाला लावून घेतलं नसणार. तूही घेऊ नकोस. चाळिसाव्याला येता येणार नाही, दवाखान्यात रजा मिळत नाही. जर्दाळू पाठवतेय.

अनिपा


तोकमोक, ११ मार्च १९९९

वहिनी,

गेल्या आठवड्याचं पत्र फाडून टाक. त्यात एक शब्द खरा नाही. रजा मी मागितलीच नव्हती. आणि तुझा कान मिठाने गेलेला नाही. माझ्या सुयांनी गेलाय.

हे वाक्य लिहायला मला अकरा महिने लागले. आता एकदा लिहिलंय तर सगळं लिहिते. मला थांबू देऊ नकोस.

त्या औषधाचं नाव स्ट्रेप्टोमायसिन. मेंढ्यांच्या तापावर तेच देतात आणि ते कानाला धरतं, हे मी विसाव्या वर्षी पुस्तकात वाचलंय, परीक्षेत लिहिलंय. रोग्याने कान वाजतो म्हटलं की सुई थांबवायची आणि मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. बाराव्या दिवशी तू बाही वर करताना म्हणालीस, "अगं, कानात समोवर लागल्यासारखं होतंय." तुला आठवत नसेल. मला तुझा आवाजही आठवतो. माझ्या हातात सुई भरलेली होती. मी ती दिली. त्यानंतर आणखी नऊ दिल्या.

का दिल्या? मी स्वतःला सांगत आले की दुसरं औषध नव्हतं, अर्धवट सोडलं असतं तर ताप हाडांत गेला असता. तेही खोटं नाही. पण खरं कारण ते नाही. पहिल्या दिवशी दादा ट्रक काढून दारात उभा होता, तुला नारिनला न्यायला. मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "मी असताना नारिन कशाला?" बाराव्या दिवशी तुला तिकडे पाठवायचं म्हणजे ते शब्द गिळायचे. मला ते जमलं नाही. माझ्या तोऱ्यासाठी मी तुझा कान घालवला, वहिनी. वेळेवर थांबले असते तर कदाचित एवढं झालं नसतं.

आणि मीठ. तुला वाटत असेल, मी पुस्तकं चाळून ते पथ्य काढलं. तसं नाही. सुया संपल्यावर आठवड्याने मी तुमच्याकडे आले होते. तू विचारलंस, "हे कशाने झालं असेल गं?" तू माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघत होतीस. तुझ्या हातात चहाचा पियाला होता. मी त्या पियाल्याकडे बघितलं आणि म्हटलं, "या मिठाने." एवढंच. तुझ्या हातात त्या वेळी फावडं असतं तर मी फावड्याने म्हटलं असतं. बाकीचं सगळं, ओट, भोपळा, अक्रोड, नंतर मासिकांतून गोळा केलं, त्या एका खोट्याला टेकू म्हणून. पाठवलेल्या प्रत्येक पिशवीबरोबर मला वाटायचं, थोडं फिटलं. काही फिटलं नाही.

यांचं कारखान्यातलं काम हेही निमित्तच होतं. यांना गाव सोडायचं नव्हतं, मीच मागे लागले. तू कमी मिठाचा चहा पीत माझ्यासमोर बसायचीस आणि माझे आभार मानायचीस. मला ते सोसेना म्हणून मी पळाले.

नारिनला जाऊ नकोस म्हणून लिहिलं, तेही तिथला डॉक्टर पहिल्याच मिनिटाला विचारेल, कोणतं औषध घेतलं होतं, म्हणून.

तुझं पत्र आल्यावर मी इथल्या कानाच्या डॉक्टरला विचारलं. कोणाचं आहे ते सांगितलं नाही. तो म्हणाला, या औषधाने गेलेलं परत येत नाही, आवाज बहुतेक राहील. मिठाचा त्याच्याशी संबंध नाही. अगदी शांततेत बसू नये, आसपास थोडा आवाज असू द्यावा. म्हणजे मळणीयंत्रापाशी बसायचं हे तुला न शिकता कळलं होतं आणि मी त्याची चेष्टा केली. खाण्याचं विचारलं तर म्हणाला, "ज्याने जीवाला बरं वाटतं ते खाऊ दे, त्याने तरी दिवस जातो." मी तिथेच रडायला लागले. तो घाबरला बिचारा.

आईने तुला चहा दिला आणि तू माझ्या नावाने नको म्हणालीस. तिचा तो शेवटचा चहा मी सांडला, वहिनी. तू नाही. तू ज्या शब्दावर चाललीस तो शब्द माझा होता. आईलाही वाटलं, लेक शिकलेली आहे. हे मला आयुष्यभर पुरेल.

माफ कर असं लिहायचं होतं, पण तो शब्द कुठे ठेवावा ते कळत नाही. दादाला सांगायचं की नाही ते तू ठरव. गावात सांगितलंस तरी मी काही म्हणणार नाही.

अनिपा


अक-कुदुक, ३० मार्च १९९९

अनिपा,

पाकीट मी स्वतः लिहिलंय. पोस्टातली बाई बघतच राहिली. तीस वर्षांत हे नाव मी घेतलं नव्हतं, बाळंतपणात वेदनांनी बोंबलत होते आणि तू माझा हात धरून बसली होतीस तेव्हासुद्धा नाही. पांढरी फीत असं लिहायला घेतलं होतं. हात चालला नाही.

पत्र आलं त्या दिवशी दोनदा वाचलं आणि पिठाच्या डब्यात, तुझ्या मधाशेजारी ठेवलं. मग गाय पिळली. दुसऱ्या दिवशी मेंढ्यांचं केलं. चार दिवस कोणाशी बोलले नाही. तुझ्या दादाला वाटलं, कान जास्त वाजतोय. मी तसंच वाटू दिलं. त्याला सांगितलेलं नाही. तो ट्रक घेऊन दारात उभा होता हे त्याच्याही लक्षात आहे. त्याला कळलं तर तो तुला काही बोलणार नाही, स्वतःलाच खात बसेल. एका घरात तेवढ्या माणसांनी स्वतःला खाल्लं ते पुरे.

पाचव्या दिवशी, नौरूझच्या सणाच्या सकाळी, घरातले सगळे शेजाऱ्यांकडे गेले होते. मी पितळी किटली काढली. कळकली होती, राखेने घासली. चहा उकळला, दूध घातलं, साय घातली, आणि मीठ. चिमूट नाही, मूठभर म्हण. आईचाच पियाला घेतला. पहिला प्यायले आणि कानाकडे लक्ष देऊन बसले. दुसरा प्यायले. तिसरा प्यायले. खिशात कुरुत होते, तेही खाल्ले, मोजले नाहीत. संध्याकाळपर्यंत बसून राहिले. कालच्यापेक्षा एक रतीभर जास्त नाही, अनिपा. एक रतीभर कमीही नाही. गोठ्यात ते चार खाल्ले होते तेव्हा आवाज वाढला होता ना, तो माझ्या भीतीने वाढला होता. ती भीती तू घातली होतीस.

तेव्हा मला सगळं कळलं आणि मी ओरडून रडले. घरात कोणी नव्हतं ते बरं झालं.

आता माझं ऐक. कानाचं मी तुला सोडते. तू एकवीस दिवस बर्फातून आलीस हेही खरंच आहे. तू आली नसतीस तर मी आज काठी घेऊन चालले असते, नाहीतर चाललेच नसते. तोरा माणसाला असतो. तुझ्या आईला होता, मला आहे. कान तू चुकून घेतलास.

पण चहा तू चुकून घेतला नाहीस. तो तू माझ्या हातातला बघितलास आणि घेतलास. मग प्रत्येक पत्रात पुन्हा पुन्हा घेतलास. सहा महिने मी त्या घरात सगळ्यांच्यात बसून एकटी जेवले. आई एकटी चहा प्यायली. आणि शेवटी तिने हात थरथरत असताना जे ओतलं ते मी तुझ्या शब्दावर परत केलं. आणि त्यावरही मी तुला हात जोडून विचारलं, खरं सांग, तर तू लिहिलंस, मिठानेच होतं, जर्दाळू पाठवतेय. ते पत्र मी फाडलेलं नाही. आठ दिवसांनी तू दुसरं लिहिलंस म्हणून ते पहिलं पुसलं जात नाही.

तू लिहिलंस, तो चहा मी सांडला, तू नाही. तेवढं सोपं करू नकोस. तोंड माझं होतं. एक घोट घेऊ, कान गेला तर गेला, असं मला त्या क्षणी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ते माझं मी वागवीन. तुझ्या वाट्याचं तू वागव. दोघींनी एकमेकींचं ओझं ओढू नये, नाहीतर कोणालाच काही कळेनासं होईल.

जर्दाळू पाठवू नकोस. जे होते ते मेंढ्यांना घातले. मध ठेवलाय, तो चांगला होता.

मे महिन्यात खिंडीतला बर्फ वितळतो. पहिल्या बसने ये. रजा मिळाली नाही तर तशीच ये. तू या घरची लेक, आलीस की आजवर वरच्या जागी बसायचीस आणि मी दाराकडे, समोवरापाशी. या वेळी वर बसू नकोस. माझ्या जागेवर बस, जिथे आई बसली होती. मी वर बसेन. किटली तू चढव, साय तू काढ, मीठ तू घाल. हात थरथरला तर थरथरू दे, चादर मी धुतलीय. मग तो पियाला दोन्ही हातांनी माझ्यापुढे धर.

मला तुझा राग तेव्हाही असेल, हे आधीच सांगते. पण चहा मी नाकारणार नाही. एकदा नाकारला, तेवढं पुरे झालं.

जिबेक